जुन्या कपाटाचे जलरंगचित्र कसे पाहावे

जुन्या फर्निचरचे बारकाईने केलेले जलरंगचित्र समोर आले की पाहणाऱ्याच्या तोंडून बहुधा पहिला उद्गार निघतो तो "अगदी फोटोसारखे आहे" असा. उद्गार मनापासूनचा असतो, पण चित्रकाराच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग त्यात नजरेआड होतो. कॅमेऱ्यासमोर जे असते ते सगळे सारख्याच आस्थेने, किंवा सारख्याच अनास्थेने, उमटते. या चित्रात मात्र बोटभर जागेतही काय ठसठशीत ठेवायचे, काय सौम्य करायचे आणि काय गाळायचे हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले असते. ते ठरवायचे तर लाकूड कसे वागते, पितळ कसे चमकते, सुताराची हत्यारे कोणत्या खुणा सोडतात आणि शंभर-दोनशे वर्षांच्या वापराने कोणती जागा आधी झिजते, हे चित्रकाराला नेमके कळावे लागते. म्हणून अशा चित्राचा आस्वाद घेणे म्हणजे त्यातले निर्णय ओळखायला शिकणे, असे माझे मत आहे. ते फारसे अवघड नाही. कोठे पाहायचे एवढे मात्र ठाऊक हवे.

या प्रकारच्या चित्रांचा एक फार मोठा आणि आज कोणालाही पाहता येणारा संग्रह म्हणजे अमेरिकेतील 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'. १९२९ नंतरच्या महामंदीत तेथे कोट्यवधी माणसे बेकार झाली आणि त्यांत चित्रकारही होते. बेकारांना काम देण्यासाठी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा उभी केली आणि तिच्या अंतर्गत कलावंतांसाठी फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू झाला. त्याचे संचालक होल्गर केहिल होते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या चित्रसंग्रहाचे काम पाहणाऱ्या रोमाना जॅविट्झ यांच्याकडे अमेरिकन वस्तूंच्या जुन्या घडणीची चित्रे मागायला लोक येत, पण देण्याजोगे फारसे काही हाती नसे. जॅविट्झ आणि वस्त्रांच्या डिझायनर रूथ रीव्ह्ज यांनी मिळून या उणिवेवर एक योजना सुचवली: वसाहतकाळापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत घडलेल्या रोजच्या वापरातील आणि शोभेच्या वस्तूंची रंगीत, अचूक चित्रनोंद करावी. १९३५ ते १९४२ या काळात शेकडो चित्रकारांनी फर्निचर, गोधड्या, खेळणी, मातीची भांडी, वाऱ्याची दिशा दाखवणारे वातकुक्कुट, जहाजांच्या पुढच्या टोकावरील पुतळे अशा वस्तूंची १८,००० हून अधिक चित्रे केली. १९४३ मध्ये हा सारा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे गेला आणि आजही तो तेथेच आहे.

छायाचित्रण तेव्हा पुरेसे प्रगत झाले होते, मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे रास्तपणे पडतो. एक कारण उघड होते: काम हवे होते ते चित्रकारांना. दुसरे कारण तांत्रिक होते. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये नुकतीच बाजारात आली होती, तेव्हाचे रंगीत छायाचित्र महाग पडे आणि त्याची रंगीत छपाई तर रंगांच्या खरेपणाची खात्री देण्याइतकी विश्वासार्ह नव्हती. परंतु मला सर्वांत पटणारे कारण तिसरे आहे. चकचकीत पॉलिश केलेल्या कपाटाचा फोटो काढला, तर कपाटाच्या अंगावर खोलीतल्या खिडकीचे प्रतिबिंब पडते, एका बाजूचे खण काळोखात जातात, आणि जो कोरीव तपशील दाखवायचा तोच नेमका झाकोळतो. चित्रकार त्याच कपाटासमोर दिवसचे दिवस बसतो, उजेड बदलताना पाहतो, खण उघडून पाहतो, कड चाचपून पाहतो, आणि या सगळ्या पाहण्यातून जमलेले ज्ञान एका कागदावर आणतो. त्यामुळे त्या चित्रात एका क्षणाचे नव्हे, तर अनेक दिवसांचे निरीक्षण साठलेले असते.

या कामाची रीत कोठून आली, हेही जाणून घेण्यासारखे आहे. इजिप्तमधील थडग्यांच्या भिंती आणि शिल्पे यांची हुबेहूब चित्रे करणारे जोसेफ लिंडन स्मिथ यांनी पुरातत्त्वीय नोंदीसाठी एक काटेकोर पद्धत विकसित केली होती. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये काम करणाऱ्या सुझान चॅपमन यांना ती अवगत होती, आणि मॅसॅच्युसेट्समधील इंडेक्सच्या चित्रकारांना त्यांनी ती शिकवली. पुरातत्त्वाच्या चित्रणात चित्रकाराने स्वतःची लकब वस्तूवर लादायची नसते. फटकारा, झोकदार रेषा, मनाला आलेला रंग या सगळ्यांना तेथे मज्जाव असतो. फर्निचरच्या या चित्रांत दिसणारा संयम त्या शिस्तीतून आलेला आहे. ज्यांना जलरंग म्हणजे ओघळते, उत्स्फूर्त, अर्धवट सोडलेले निसर्गचित्र एवढेच ठाऊक आहे, त्यांना हे काम पहिल्यांदा पाहताना जलरंगातले वाटतच नाही.

आता माध्यमाकडे वळू, कारण खरी गंमत तेथे आहे. जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि त्याला कागदाशी धरून ठेवणारा बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक. भरपूर पाणी घालून हा रंग कागदावर पसरला की त्याचा पातळ, पारदर्शक थर बनतो. चित्रकार त्याला वॉश म्हणतात. प्रकाश या थरातून आरपार जाऊन खालच्या पांढऱ्या कागदावर आदळतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो, म्हणजे रंगातून तो दोनदा गाळला जातो. जलरंगाला आतून उजळल्यासारखे तेज असते ते यामुळे. या माध्यमात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. जेथे पांढरे हवे तेथे कागद कोरा सोडतात. परिणामी चित्रकाराला उजेडाच्या जागा आधी ठरवाव्या लागतात आणि फिक्याकडून गडदाकडे जावे लागते. तैलरंगात चुकलेली चमक शेवटी वरून ठेवता येते. जलरंगात एकदा झाकलेला कागद ओल्या कुंचल्याने काही अंशी उघडता येतो, पण पहिल्यासारखा शुभ्र होत नाही.

पॉलिश केलेले लाकूडही प्रकाशाशी जवळजवळ असेच वागते. वरच्या व्हार्निशच्या पारदर्शक थरातून प्रकाश आत शिरतो, लाकडाच्या तंतूंवरून परततो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर पडतो. जुन्या महोगनीकडे पाहताना नजर पृष्ठभागावर न थांबता थोडी आत उतरते, ती म्हणूनच. पारदर्शक जलरंग आणि पॉलिश केलेले लाकूड यांच्यातले हे साम्य लक्षात आले की फर्निचरच्या चित्रणासाठी हे माध्यम इतके का शोभते, ते कळते. चित्रकार आधी पिवळसर गेरूचा फिका थर देतो, तो वाळल्यावर भाजलेल्या सिएना या मातीच्या रंगाचा तांबूस थर, त्यावर लाकडाच्या रेषा, आणि मग त्या रेषांना आत ढकलणारा आणखी एक पातळ तपकिरी थर. व्हार्निश करणाऱ्या कारागिराने लाकडावर जे केले, तेच येथे कागदावर घडलेले असते. जाड, अपारदर्शक रंगात हे लाकूड रंगवले तर रंग बरोबर येईल, पण लाकूड मेलेले दिसेल.

एखादा खण जवळून पाहू. अठराव्या शतकातील अमेरिकन फर्निचरमध्ये हायबॉय नावाचा एक उंच प्रकार आहे: खालचा भाग नागमोडी वळणाच्या चार पायांवर उभा, त्यात थोडे खण, आणि त्यावर खणांची दुसरी मोठी पेटी बसवलेली. फिलाडेल्फियाच्या सुतारांनी १७६० च्या आसपास या प्रकाराला शिखरावर नेले. वर कमानीसारखी कपाळपट्टी, खालच्या मधल्या खणावर कोरलेला शिंपला, आणि पितळी कड्या. यांतल्या काही हायबॉयांची उंची सव्वादोन मीटरहून जास्त असते. कागद असतो चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरांचा. म्हणजे मूळ वस्तूतील बारा मिलिमीटर रुंदीची पितळी खिळ्याची टोपी चित्रात सुमारे दोन मिलिमीटरची होते, आणि त्या दोन मिलिमीटरांत तिची गोलाई, तिच्यावरची चमक आणि तिची लाकडावर पडलेली सावली, असे तिन्ही दाखवायचे असते.

आता त्या खणाच्या दर्शनी फळीवर नजर स्थिर करा. ती दुरून एकाच तपकिरी रंगाची भासते. जवळून पाहिले तर डावीकडे ती किंचित पिवळट असते, मध्ये लालसर होते आणि उजव्या कडेला, जेथे उजेड कमी पोचतो तेथे, तिच्यात निळसर छटा मिसळलेली असते. सावली दाखवायला तपकिरीत नुसता काळा रंग मिसळला तर ती जागा चिखलासारखी दिसते. म्हणून जाणता चित्रकार लाकडाच्या तांबूसपणाला विरोधी असलेली निळी छटा पातळ करून वर देतो आणि सावलीत गेलेले लाकूडही लाकूडच राहते. फळीच्या वरच्या कडेला केसाएवढी एक फिकी रेघ असते. कडेच्या गोलाईने पकडलेला तो उजेड आहे. ती रेघ रंगवलेली नसून सोडलेली असते, म्हणजे वरचा आणि खालचा थर देताना दोन्ही वेळा कुंचला तिच्या अलीकडे थांबवलेला असतो. रेघेची जाडी सगळीकडे सारखी नसते. खण ओढताना जेथे हात लागतो तेथे कड झिजून गोल झालेली असते आणि तेथे ती रेघ थोडी रुंद, थोडी मंद होते. एवढ्याशा फरकातून पाहणाऱ्याला न कळत वापराची जाणीव होते.

खणावरची पितळी कडी ही चित्रकाराची वेगळीच परीक्षा असते. लाकडाचा स्वतःचा रंग असतो, पण घासलेल्या पितळाचा रंग मुख्यतः त्याच्यात पडलेल्या प्रतिबिंबांवर ठरतो. म्हणून पितळ पिवळ्या रंगाने रंगवले की ते पितळ न दिसता पिवळे लाकूड दिसते. ते पितळ दिसायला हवे तर अगदी गडद तपकिरी आणि जवळजवळ पांढरा हे दोन रंग एकमेकांना खेटून, मध्ये हळुवार उतार न देता यावे लागतात, आणि पिवळा फक्त उरलेल्या जागेत असावा लागतो. महोगनीच्या पृष्ठभागावर छटा हळूहळू उतरते, पितळावर ती तुटते. या दोन वागणुकींतला फरक चित्रकाराने राखला आहे की नाही, हे पाहिले की त्याची समज चटकन कळते. चांगल्या चित्रात आणखी एक गोष्ट सापडते: कडी वर्षानुवर्षे खाली आपटून लाकडावर उमटलेला अर्धवर्तुळाकार ओरखडा. तो गाळला असता तर चित्र अधिक नीटनेटके दिसले असते. तो ठेवला, यातून त्या चित्रकाराला कपाट दुकानात ठेवलेल्या नव्या मालासारखे दाखवायचे नव्हते, हे स्पष्ट होते.

लाकडाच्या प्रकारांनुसार अडचणी बदलतात आणि त्यांत पट्टेदार मेपल मला सर्वांत कठीण वाटते. या लाकडाचे तंतू सरळ न जाता लाटांसारखे वळत गेलेले असतात. त्यामुळे पृष्ठभागावर कोठे तंतूंची बाजू दिसते तर कोठे त्यांची कापलेली टोके, आणि आडवे फिके-गडद पट्टे उमटतात. अडचण अशी की पाहणारा एक पाऊल सरकला की पट्टेही सरकतात, फिके गडद होतात आणि गडद फिके. स्थिर कागदावर ही हालचाल आणता येत नाही. मग चित्रकार एक जागा निवडतो, तेथून दिसलेले पट्टे रंगवतो, आणि त्यांच्या कडा ओल्या रंगात विरघळू देतो, म्हणजे ते रंगवलेल्या पट्ट्यांसारखे कडक न दिसता लाकडाच्या आत आहेत असे वाटते. कडा विरघळवायला कागद नेमका किती ओला हवा, हे सांगून शिकवता येत नाही. थोडे पाणी जास्त झाले की रंग पसरून डाग पडतो, थोडे कमी झाले की कडक कड उरते. पट्टेदार मेपलच्या खुर्चीचे चांगले चित्र दिसले तर त्या पट्ट्यांच्या कडांवर थोडा वेळ द्यावा.

रेखाटनाबद्दल थोडक्यात सांगतो. रंगाखाली बहुधा पेन्सिलीचे मोजून केलेले रेखाटन असते आणि फिक्या भागांत ते अनेकदा दिसतेही. उंच कपाटासमोर उभे राहिल्यावर त्याच्या उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात, परंतु या चित्रांत त्या समांतर ठेवलेल्या आढळतात, कारण येथे डोळ्याला होणाऱ्या भासापेक्षा वस्तूच्या प्रमाणांना मान आहे. कपाट किंचित तिरपे दाखवले असेल तर दर्शनी बाजूसोबत एक कूसही दिसते आणि खोली कळते. सरळ समोरून दाखवले असेल तर प्रमाणे अचूक मिळतात, पण खोली फक्त छायाप्रकाशावर सोडावी लागते. यांतले काय निवडले आहे, यावरून चित्रकाराला त्या वस्तूत काय महत्त्वाचे वाटले, याचा अंदाज येतो. कोरलेला शिंपला महत्त्वाचा असेल तर तो समोरून; पायांचे वळण महत्त्वाचे असेल तर तिरपा कोन. बहुतेक चित्रांत मागे भिंत नसते, जमीन नसते. कोरा कागद असतो आणि फार तर पायांशी एक पुसटशी सावली. ती सावलीसुद्धा हिशेबाने दिलेली असते. नसेल तर वस्तू हवेत तरंगते, गडद झाली तर डोळा पायांपाशीच अडकतो.

वयाच्या खुणा वाचता येऊ लागल्या की ही चित्रे अधिकच बोलकी होतात, आणि त्यासाठी लाकडाचा एक गुणधर्म माहीत असणे पुरेसे आहे. लाकूड वाळताना तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे अठराव्या शतकात अगदी गोल केलेला टेबलाचा माथा आज मोजला तर एका दिशेने थोडा अरुंद भरतो. कपाटाच्या कुशीची रुंद फळी आकसू पाहते, पण तिला आडवी ठोकलेली पट्टी आकसत नाही. या ओढाताणीत फळीला उभी चीर पडते. चित्रात अशी चीर दिसली तर ती लाकडाच्या रेषेच्या दिशेने जाते का, पट्टीपाशी सुरू होते का, ते पाहावे. चित्रकाराने ती नुसती जुनेपणाची सजावट म्हणून ओढली असेल तर ती कोठेही, कशीही जाते. खरी पाहून काढली असेल तर तिला कारण असते.

लाकडाच्या रंगातही वय असते. अक्रोडाचे लाकूड उजेडात राहून फिके पडत जाते, चेरीचे गडद होते. म्हणून कडीमागच्या पितळी पट्टीच्या आडोशाला राहिलेले लाकूड उघड्या लाकडाहून वेगळ्या रंगाचे असते. एखाद्या पिढीने जुन्या कड्या काढून नव्या बसवल्या असतील तर जुन्या पट्टीच्या आकाराची छटा आणि बुजवलेली भोके मागे राहतात. सावध चित्रकार तीही नोंदवतो. उघडा खण दाखवला असेल तर आतले लाकूड वेगळे दिसेल. बाहेर वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतून आलेली महागडी महोगनी असली, तरी खणाच्या बाजू आणि तळ अनेकदा तेथल्याच पाइनचे किंवा ट्युलिप पॉपलरचे असत. त्या आतल्या लाकडाला पॉलिश नसते, म्हणून तेथे चित्रकाराचा कुंचलाही बदलतो: ओले थर थांबतात आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कागदाच्या खरखरीतपणावर रंग घासला जातो, म्हणजे पॉलिशविना लाकडाचा रुक्षपणा आपोआप उमटतो.

या सगळ्या प्रकारांत मला सर्वांत विचार करायला लावणारी चित्रे आहेत ती रंगवलेल्या पेट्यांची. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन भाषक कुटुंबांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी पाइन किंवा पॉपलरच्या मोठ्या पेट्या करून त्यांवर ट्युलिप, हृदये, पक्षी, कधी समोरासमोर उभे एकशिंगी घोडे, मालकाचे किंवा मालकिणीचे नाव आणि वर्ष असे रंगवण्याची पद्धत होती. अशा पेटीचे जलरंगचित्र करणारा चित्रकार एका चित्राचे चित्र करत असतो. मूळ रंगाऱ्याने ट्युलिपची पाकळी एका झटक्यात, भरल्या कुंचल्याने काढली होती; तिच्या सुरुवातीला रंगाचा जाडसर ठिपका आहे आणि शेवटी कुंचला कोरडा पडून रेषा फाटलेली आहे. सुमारे दीडशे वर्षांनंतरचा चित्रकार त्या एका झटक्याची नोंद घेण्यासाठी सेबल नावाच्या प्राण्याच्या केसांच्या बारीक कुंचल्याने कितीतरी लहान-लहान स्पर्श देतो. वेगाने काढलेली गोष्ट संथपणे काढायची आणि तरी तिचा वेग हरवू द्यायचा नाही, ही अतिशय अवघड मागणी आहे. चांगल्या चित्रांत ती पुरी झालेली दिसते. मूळ रंगाऱ्याचा हात डावीकडून उजवीकडे गेला होता की उलट, हेसुद्धा त्यांवरून ओळखता येते.

येथे एक पेचही उभा राहतो. समजा, पेटीची पार्श्वभूमी मुळात निळी होती, पण वर दिलेले व्हार्निश काळाने पिवळे पडले आणि निळे आता हिरवट दिसते. चित्रकाराने हिरवट रंगवावे की निळे? मालकाला, किंवा नवी रचना करू पाहणाऱ्या डिझायनरला, मूळ निळा हवासा वाटेल. परंतु मूळ निळा म्हणून जो रंग दिला जाईल तो शेवटी अंदाज असेल, आणि अंदाज नोंदीच्या रूपात एकदा कागदावर आला की पुढचे लोक त्याला वस्तुस्थिती समजतात. माझ्या मते दिसते तेच रंगवणे योग्य. पुसला गेलेला भाग पुसलेला, उडालेला रंग उडालेला, कुलपाच्या छिद्राभोवती किल्लीने ओरबाडलेले लाकूड तसेच. ज्या चित्रांत हे पाळले आहे त्यांत झिजलेल्या रंगाच्या कडा पाहाव्यात: रंगाचा थर जेथे तुटतो तेथे त्याची अगदी सूक्ष्म जाडी एका बाजूच्या गडद रेघेने दाखवलेली असते. सपाट कागदावर रंगाच्या पापुद्र्याची जाडी दाखवणे, यापेक्षा बारीक काम जलरंगात क्वचितच असेल.

शेकर पंथीयांच्या फर्निचरची चित्रे याच्या अगदी उलट टोकाला आहेत. १७७४ मध्ये ॲन ली यांच्यासोबत इंग्लंडहून आलेल्या या धार्मिक समुदायाने शोभेचे कोरीवकाम वर्ज्य मानले. त्यांच्या कपाटांत सरळ कडा, लाकडी गोल मुठी, खाली उंच आणि वर क्रमाने ठेंगणे होत जाणारे खण, एवढेच असते. चित्रकाराला लपायला येथे जागा नाही. एकही रेघ तिरकी गेली, खणांच्या उंचीचा उतरता क्रम जरा चुकला, तर सगळे चित्र फसते. मोठ्या सपाट फळीवर एकसारखा वॉश देणेही सोपे नसते, कारण पाणी कडेला साचून वाळले की तेथे गडद रेघ उमटते. अशा चित्रांत पाहायचे ते हेच: फळी रिकामी आहे पण निर्जीव नाही, एका कडेपासून दुसरीकडे जाताना तिच्यात उजेड सरकतो. रसिकांनी कोरीव हायबॉयइतकाच वेळ या साध्या कपाटांना द्यायला हवा.

कागदावरच्या रंगांना उजेड मानवत नाही, म्हणून संग्रहालये जलरंगचित्रे साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद प्रकाशात आणि थोडे महिनेच बाहेर ठेवतात, मग ती पुन्हा अंधारात विसावतात. सुदैवाने लाकडासाठी लागणारे गेरू, सिएना, अंबर हे रंग लोहयुक्त मातीचे आहेत आणि ते उजेडाला फार चांगले टिकतात. खुर्चीवरच्या किरमिजी कापडासाठी वापरलेला ॲलिझरिनसारखा रंग मात्र फिका पडू शकतो. एकाच चित्रात लाकूड भरदार आणि बैठकीचे कापड विटलेले दिसले, तर मूळ खुर्चीचे कापड विटले होते की चित्रातला रंग उडाला, हा प्रश्न विचारायला हवा. कागदाची जी कड चौकटीच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली राहिली, तिच्याशी उघड्या भागाची तुलना करून संग्रहालयातील तज्ज्ञ त्याचे उत्तर शोधू शकतात.

इंडेक्समधील चित्रे नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर खुली आहेत आणि पडद्यावर मोठी करून पाहता येतात. मोठी करण्याआधी मूळ वस्तूची मापे पाहून घ्यावीत. अनेक चित्रांसोबत ती दिलेली असतात. पडद्यावर शेकरांची लहानशी लाकडी डबी आणि सव्वादोन मीटरचा हायबॉय एकाच आकाराचे दिसतात, आणि मापे ठाऊक नसली तर चित्रकाराने वस्तूचा आकार किती लहान केला आहे याची कल्पनाच येत नाही. माध्यमाची नोंदही वाचावी. जलरंगासोबत पेन्सिल, रंगीत पेन्सिल किंवा अपारदर्शक गुआश असे लिहिलेले असेल तर ते कोठे वापरले आहे याचा शोध घेण्यात चांगला वेळ जातो. पितळावरचा एखादा लहान पांढरा ठिपका बहुधा त्याचे उत्तर असतो.

प्रत्येक चित्राबरोबर वस्तूची माहिती देणारे नोंदपत्रही तयार केले जाई: वस्तू कोणती, कशाची, कोणत्या काळातली, कोणाकडची. ही माहिती त्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावर आणि कित्येकदा मालकाच्या सांगण्यावर आधारलेली होती, म्हणून तिच्यातील काळ आणि कारागीर यांविषयीचे दावे आज जसेच्या तसे धरून चालत नाहीत. चित्र मात्र त्या दाव्यांवर अवलंबून नाही. नोंदपत्रात अठरावे शतक लिहिले असले आणि चित्रातल्या उघड्या खणाच्या कोपऱ्यात डव्हटेल सांध्याचे, म्हणजे दोन फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या पंख्याच्या आकाराच्या जोडाचे, दाते अगदी एकसारखे, एका मापाचे, ओळीत मोजून कापल्यासारखे दिसत असले, तर थांबावे. हाताने कापलेल्या डव्हटेलमध्ये दाते थोडे लहानमोठे असतात, सुताराने आखलेली बारीक रेघ त्यांच्या मुळाशी राहिलेली असते. तंतोतंत सारखे दाते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे आल्यानंतर रूढ झाले. चित्रकाराला कदाचित या फरकाचा अर्थ माहीत नसेल, पण त्याने दाते दिसले तसे काढले असतील, तर तो खण नंतरचा असावा ही शंका घ्यायला त्याचे चित्र पुरेसे आहे.